ताबा

मराठीत फ्लॅटचाही ताबा मिळतो आणि मुलाचाही. माझ्याबद्दलची कोर्टाची ऑर्डर मी पहिल्यांदा वाचली ती इंजिनिअरिंगला असताना. मी नऊ वर्षांची असताना झालेली. ताबा आईकडे, नाशिकला. नागपूरच्या बाबांना दिवाळीची आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी, शिवाय दर रविवारी एक फोन.

एकाच शहरात वेगळे राहणारे आईबाबा मुलाला दर आठवड्याला भेटू शकतात. नाशिक-नागपूर म्हणजे सेवाग्राम एक्सप्रेसची अख्खी रात्र. मग कोर्ट सुट्ट्या वाटून देतं. वाटणी योग्यच असते, पण सुट्टीतले बाबा पाहुण्यासारखे वागतात. तर्री पोहे, संत्रा बर्फी, नवा फ्रॉक. माझ्या वहीवरचा लाल शेरा त्यांना कधी दिसला नाही आणि ते चिडतात कसे, हे मला माहीत नव्हतं.

फोनवर तर दोन वर्षं एकच संवाद चालला.

“काय जेवलीस?”

“वरणभात.”

“अभ्यास?”

“चालू आहे.”

मग बाबांनी बुद्धिबळाचे दोन पट घेतले. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. रविवारी फोनवर तीन-चार चाली व्हायच्या आणि पुढचा आठवडाभर डाव तसाच मांडलेला राहायचा. चालींच्या मधे मी शाळेतलं बरंच काही बोलून जायचे. आमचा पट शोकेसवर असायचा. आई रोज धूळ पुसायची, पण एकही मोहरा जागचा हलला नाही. ती बाबांशी बोलत नव्हती. त्यांचं नावही घेत नव्हती.

20 जानेवारी 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की भेटीच्या हक्काबरोबर संपर्काचा हक्कही महत्त्वाचा आहे, विशेषतः आईवडील वेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहत असतील तर. ज्याच्याकडे ताबा नाही, त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे. त्या प्रकरणातलं कुटुंब भारत आणि अमेरिकेत विभागलेलं होतं. वाचताना मला आमचं शोकेस आठवलं.

आता माझ्या ऑफिसमधल्या एकाची चार वर्षांची मुलगी आईबरोबर दुसऱ्या राज्यात असते. रोज संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल. कधी त्याला फक्त पंखा दिसतो, कधी तिचं कपाळ. तो म्हणतो, “ती बोलतच नाही.” मी त्याला सांगितलं, प्रश्न विचारू नकोस, दोघं मिळून काहीतरी करा. एकच चित्र दोघांनी रंगवा, एकच गोष्ट रोज दोन पानं वाचा.

पण अर्धं काम त्याच्या हातात नाही. दहा मिनिटं कोर्ट देऊ शकतं. साडेसातला टीव्ही बंद करायचा, रंगपेटी काढायची, फोन डब्याला टेकवून मुलीचा चेहरा नीट दिसेल असा ठेवायचा, हे कुठल्याच ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसतं. ते तिच्या आईला करावं लागतं, आणि तेही ज्याचं तोंड पाहायची इच्छा उरलेली नाही अशा माणसासाठी.