लिंबाची साक्ष

मुलांनो, पेपरात तुम्ही चुकलात की गुरुजी लाल फुली मारतात. पण गुरुजीच चुकले तर? ऐका माझी फजिती.

मी सातारा जिल्ह्यातला. तिकडे विहीर खणा की डोंगर फोडा, काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस थंड होऊन झालेला. डी.एड. झाल्यावर नोकरी लागली ती यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात. चौथीच्या मुलांना म्हटलं, "दगड आणा, नावं लिहा." एकाने काळसर करडा दगड आणला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'चुनखडक'. चुनखडक पांढराच असतो, अशी माझी पक्की समजूत. मी फुली मारली आणि वर 'बेसाल्ट' लिहिलं.

तो हळूच म्हणाला, "सर, हा चुन्याचाच गोटा हाये. माहे बाबा भट्टीवर हेच गोटे भाजते."

वर्ग हसला. मी म्हटलं, "खाली बस." दुसऱ्या दिवशी तो शाळेत आलाच नाही.

मला काही चैन पडेना. दगडावर खिळ्याने ओरखडा काढला, तर पांढरी भुकटी निघाली! बेसाल्ट काही इतका मऊ नसतो. भुकटीवर लिंबू पिळलं, तर बारीक बुडबुडे फसफसले. साक्ष मिळाली!

त्याचं असं आहे. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो. तेच बुडबुडे. माती आणि कार्बन मिसळला की हा खडक काळपट दिसतो. वणीचा चुनखडक साठ कोटी वर्षांहूनही जुन्या समुद्राच्या तळाशी साचलाय. शिंपल्यांचे प्राणी तेव्हा जन्मलेही नव्हते! तिथून जवळच, चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर-आवारपूरला अशाच खडकापासून सिमेंट होतं.

आणि भट्टीत काय होतं? सुमारे ९०० अंश सेल्सिअसला १०० किलो शुद्ध चुनखडकातून ४४ किलो वायू उडून जातो, उरते ५६ किलो कळीचा चुना. तो पाण्यात टाकला की पाणी अक्षरशः उकळतं. म्हणून त्याला कधीही हात लावू नका. हाच विरलेला चुना भिंतीला दिला की तो हवेतला कार्बन डायॉक्साइड परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे आपल्या शाळेची पांढरी भिंत हा दगडाचाच पातळ थर!

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बाबांचे चुन्याने भेगाळलेले हात पाहून मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी लिंबाचा प्रयोग त्यानेच सगळ्यांना करून दाखवला. सर्वांसमोर मी माझी फुली खोडली आणि म्हटलं, "चूक माझी होती." या वेळी कुणी हसलं नाही. तो मात्र हसला.

तर मुलांनो, गुरुजींचं एखादं उत्तर पटलं नाही, तर जरूर सांगा. नम्रपणे सांगा, पण हातात लिंबू असू द्या!