सिग्नलला येणारा वास

घाटकोपरहून मुलुंडकडे निघालेली गाडी भांडुपच्या आसपास एलबीएस मार्गावरच्या रांगेत अडकते. एसी चालू असतो. दोन-तीन मिनिटांत तेलकट, जळका वास आत शिरतो आणि पुढची वाट मोकळी झाली की विरून जातो. गॅरेजमध्ये आलेला मालक जरा संकोचत सांगतो, "वास येतो, पण नेहमी नाही." जाणता मेस्त्री बोनेट उघडण्याआधी त्याला तिथेच थांबवतो. केव्हा येतो? गाडी उभी असताना, चढावर, की बंद करून खाली उतरल्यावर? या प्रश्नांना दिलेली पाच मिनिटं पुढे हजारो रुपयांची उघडझाप वाचवतात.

कारण साधं आहे. गाडीत येणारी बाहेरची हवा पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून घेतली जाते. गाडी धावत असताना वारा बोनेटखालचा वास खाली-मागे उडवून लावतो. ती थांबली की गरम हवा वर चढते आणि थेट त्या जाळीत जाते. म्हणजे उभ्या गाडीत वास आला, तर दोष बहुधा इंजिनाच्या आसपास असतो. पुलाच्या चढावर अर्धा क्लच दाबून रखडताना येणारा वास क्लच प्लेटचा, गोडसर वास कूलंटचा. पावसाळ्यात तर रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटून जळत असते, आणि मालक इंजिनच्या खर्चाच्या धास्तीने आलेला असतो.

मग सायलेन्सरच्या तोंडाशी बघायचं. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना किंवा सिग्नलला बराच वेळ उभी राहून निघताना निळसर धूर निघाला, तर व्हॉल्व्ह सील झिजलेले असू शकतात. जोर देताना सतत निळा धूर येत असेल, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. धूर अजिबात नाही, पण बोनेटखाली वास आहे, तर ऑइल आत जळत नसून बाहेर गळून तापलेल्या भागावर पडतंय. इंजिन ऑइल साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे धुरू लागतं. भार पडलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ४०० अंशांच्याही वर जातो. तिथे थेंबभर ऑइलही पुरेसं असतं. गळती वाढली तर आग लागू शकते, म्हणून 'वासच तर आहे' म्हणत महिनोन्महिने गाडी चालवू नये.

गळतीची जागा शोधताना घाई नडते. ऑइल वरून खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे तळाचा ऑइल चेंबर ओला दिसला म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलणं हा नेहमीचा फसवा खर्च. आधी इंजिन नीट पुसून काढायचं, ते चालू ठेवून तापू द्यायचं, मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वरपासून खाली बघत यायचं. सगळ्यात वरचा ओला डाग खरा. सर्व्हिसिंग नुकतीच झाली असेल, तर फिल्टर काढताना सांडलेलं ऑइलच जळत असतं आणि वास दोन-चार दिवसांत आपोआप जातो. पण जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसला, तर गळती थांबत नाही.

बहुतेक वेळा सापडतं ते इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं कडक झालेलं पॅकिंग. ते बदलणं अवघड नाही, पण आवळणं अवघड आहे. बऱ्याच छोट्या इंजिनांत कव्हरच्या बोल्टना १० न्यूटन-मीटरच्या आसपासच जोर लागतो. हाताच्या अंदाजाने जास्त आवळलं की कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही गळतं. त्यावर सिलिकॉन थापणं तर वाईटच, कारण आत सुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीत अडकू शकतो.

आणि नवं पॅकिंग टाकूनही महिनाभरात पुन्हा गळती? मग पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावा. इंजिनाच्या पोटातला दाब तो बाहेर काढतो. अंधेरी स्टेशन ते घर अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमधली वाफ उडत नाही, चिकट गाळ साचतो आणि तो व्हॉल्व्ह तुंबतो. कोंडलेला दाब मग दुबळ्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. हा स्वस्त सुटा भाग न बघता महागडी सील बदलणाऱ्या गॅरेजवर विश्वास ठेवू नये.

गळती शोधणं पूर्वी सोपं होतं. मुंबईच्या उपनगरांतली मेस्त्र्यांची एक अख्खी पिढी प्रीमियर पद्मिनी या गाडीवर शिकली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यालाच होता. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन उभं बसवलेलं, भोवती मोकळी जागा. गळती डोळ्यांनी दिसे आणि हातही पोचे. ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईच्या टॅक्सींतून बाद झाली. आजचं इंजिन आडवं असतं, कित्येक गाड्यांत एक्झॉस्ट मागे, केबिनच्या भिंतीशी दडलेला. डोळ्यांना आडोसा आला, तसा नाकाचा आणि मालकाच्या आठवणीचा भाव वाढला.

दुरुस्तीनंतर मॅनिफोल्डवरचं जुनं ऑइल जळेपर्यंत वास थोडा राहतोच. ५०० किलोमीटरनंतर गाडी सपाटीवर थंड असताना डिपस्टिक पुसून पातळी बघावी आणि कव्हरच्या कडेवरून पांढरी चिंधी फिरवावी. चिंधी कोरडी निघाली, तरच बिलावर 'काम पूर्ण' लिहावं.