एक मूठ कणीक

आमच्या नाक्यावर परवा फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. मधोमध गेलेले आजोबा, काळा गॉगल लावलेले; बहुधा नातवाच्या लग्नातल्या फोटोतून कापून घेतलेले. खाली शोकाकुल मंडळींची रांग, प्रत्येकाचा फोटो, त्यातले निम्मे मोबाइल कानाला लावून. सिग्नल सुटेपर्यंत मी वाचत राहिलो. आजोबांविषयी त्यात त्यांच्या नावापलीकडे अक्षर नव्हतं. मरणाच्या बातमीला एवढे रंग कशाला लागतात, मला अजून पटलेलं नाही.

आमच्या परळच्या चाळीत जिन्याखाली फळा होता. त्यावर लिहायचं काम अण्णांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. नाव, खोली नंबर, किती वाजता काढणार. बस. ‘दुःखद’ हा शब्दसुद्धा नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, ‘‘वाचणाऱ्याला कळतं की रे.’’ शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर असं टपोरं की चाळीतल्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर पत्ते तेच घालत.

दाभोळहून बोटीने ते भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकली. एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळ्या वेगवेगळ्या. रातपाळीवाला आला की पहिल्या पाळीवाल्याची जागा त्याची. जेवण खानावळीत. अण्णा कापडगिरणीच्या साचेखात्यात लागले. अशा खोलीत कुणी आजारी पडून गेला तर त्याचं करणार कोण? बायकापोरं गावी, गाव लांब. तिरडी बांधायला अण्णा तिथेच शिकले असावेत. पुढे आजीला घेऊन चाळीत बिऱ्हाड केलं, तरी ते काम त्यांच्या मागे आलंच. रात्री दोनला दार वाजलं की आजी न विचारता त्यांची टोपी काढून ठेवी. बांबू कुठल्या वखारीत मिळतील, डॉक्टरचा दाखला आधी हातात घ्यायचा, मडक्याला भोक पाडणारा माणूस हलक्या हाताचा हवा, हे सगळं त्यांना पाठ. चाळीच्या जिन्याच्या वळणावर तिरडी अडते. म्हणून माणसाला चादरीत धरून खाली आणायचं आणि अंगणातच बांधायचं. सुतळीची गाठ ते स्वतः ओढून बघत. रडणाऱ्यांना समजावण्याच्या फंदात कधी पडत नसत. रडणं हे ज्याचं त्याचं काम, बांबू आपलं.

पण हे दिवसाचे अण्णा. मला आठवतात ते एकादशीच्या रात्री भजनाला बसलेले, पखवाजासमोर मांडी घातलेले.

पखवाजाच्या उजव्या पुडीला शाई कायमची असते. डावीला मात्र दर वेळी ओली कणीक लावावी लागते, आणि वाजवून झालं की खरवडून काढावी लागते. ही कणीक मळणं आजीकडे नव्हतं. अण्णा स्वतः पितळी वाटीत मळत. पोळीच्या कणकेहून सैल, पण बोटाला चिकटून राहील इतकी नाही. गोळा पुडीवर ठेवायचा, ओल्या बोटांनी कडेकडेने पसरायचा, एक थाप मारून कान द्यायचा. मग चिमूटभर काढायची. परत थाप. परत एवढीशी लावायची. उजवीचा सूर वर, डावीचा त्याच्या बरोबर खालच्या सप्तकात जाऊन बसेपर्यंत हे चाले. पेटीवाले बुवा ताटकळत. मुलं पेंगत. अण्णांना घाई नसे. डावी जुळली की थापेचा आवाज कानाआधी पोटात कळायचा. उरलेला गोळा ते माझ्या हातात देत आणि मी त्याची चिमणी करून भजनभर मळवून काळी करी.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. भोंगे थांबले. आधी महिना, मग पावसाळा, मग दिवाळी. निम्मी चाळ गावी गेली. आजी सांगायची, त्या वर्षी एका एकादशीला डब्यात पीठ बेताचंच होतं. अण्णांनी डबा उघडला, बघितलं, झाकण लावलं आणि कणकेशिवायच वाजवायला बसले. डावी नुसती फडफडत होती. कुणी काही बोललं नाही, पण कान होते सगळ्यांना. पुढच्या एकादशीला दिवेलागणीपासून एकेका बिऱ्हाडातून मूठमूठ पीठ यायला लागलं. एकीने ज्वारीचं आणलं होतं. ज्वारीचं पुडीवर धरत नाही. अण्णांनी तेही घेतलं, तिच्यासमोर वाटीत ओतलं आणि ती वळल्यावर निमूट बाजूला काढलं. उरलेल्या पिठाच्या दुसऱ्या दिवशी चपात्या झाल्या, हे आजी थोडं खाली बघून सांगायची.

संपाचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. अण्णा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. एका दुकानात हिशेब लिहू लागले. टपोऱ्या अक्षराचा तेवढा उपयोग झाला. भजनातली डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, त्यांना शेवटपर्यंत आवडली नाही. भांडायचंच असेल तर तालात कशाला भांडायचं, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला डबलबारी फार आवडते, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ते गेले तेव्हा चाळीच्या जागी टॉवर उभा होता. फळा नव्हता, बातमी ग्रुपवर गेली. लिफ्ट मोठी असल्यामुळे वळणाचा प्रश्न आला नाही. तिरडी मात्र तयार आणलेली होती, स्टेपल मारलेली.

पखवाज आमच्याकडे आहे. घर सजवणाऱ्या मुलीने तो दिवाणखान्यात उभा करून वर काच टाकायचं सुचवलं होतं. मी नाही म्हटलं. वाद्या बदलून घेतल्या आहेत, शाई अजून शाबूत आहे. परळ-लालबागकडचं कुणी शिकणारं पोर तुमच्या माहितीत असेल तर पाठवा, पखवाज देऊन टाकायचा आहे. पैसे नकोत. पीठ तेवढं गव्हाचं घेऊन यायला सांगा.