शपथ मोडल्यावर

चौकच्या टेकडीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, हे शाळेत सगळेच शिकतात. वसईच्या आधी धारावीसाठी झुंजावं लागलं, हे मात्र आमच्या बेटाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. ती धारावी म्हणजे हीच टेकडी. खाडीच्या तोंडावर पोर्तुगीजांचा पहारा असेपर्यंत वसईची समुद्राकडची वाट मोकळी होती. ती वाट कशी बंद झाली हे कळलं, की वसईचा वेढा पुस्तकातल्या एका ओळीपेक्षा मोठा होतो. चांगल्या पूर्वकथेकडून मी एवढंच मागते. आपल्याला माहीत असलेल्या गोष्टीच्या आधीचं सांगावं, आणि ते ऐकल्यावर माहीत असलेली गोष्ट जड व्हावी.

ही कसोटी मी सगळ्यांत जास्त वेळा लावली ती एका व्हिडिओ गेमला. ‘गॉड ऑफ वॉर: असेन्शन’, मार्च २०१३, प्लेस्टेशन ३. क्रेटॉस या स्पार्टन योद्ध्याची मालिका २००५ मध्ये सुरू झाली आणि ग्रीक देवांशी असलेलं त्याचं वैर तीन मुख्य भागांत संपलं. २०१०च्या तिसऱ्या भागात ऑलिंपस कोसळला, झ्यूस मेला. पुढे सांगण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा सँटा मोनिका स्टुडिओनं मागे वळून अगदी सुरुवातीची गोष्ट काढली. मेटाक्रिटिकवर तीन मुख्य भागांना ९४, ९३ आणि ९२ गुण आहेत, असेन्शनला ८०. मालिकेतला उतरता भाग अशीच त्याची ओळख झाली. मला तो सोडवत नाही.

दादानं जुना प्लेस्टेशन २ घेतला तेव्हा तो नुकताच बाबांच्या बोटीवर जायला लागला होता. हिश्शाच्या पैशांतली ती त्याची पहिली चैन. डोलीचा हंगाम चालू असताना त्याला सवड नसे. पावसाळा लागला, बोटी किनाऱ्यावर ओढल्या, जाळी दुरुस्त करणारी माणसं ओट्यांवर बसली, की संध्याकाळी टीव्ही आमचा. पहिल्या गेमच्या आरंभी क्रेटॉस वादळात मोडत चाललेल्या जहाजांवरून हायड्राशी लढतो. दादाची नजर त्यात राक्षसापेक्षा डोलकाठीवर आणि दोरांवर असायची. मी बघायचे क्रेटॉसची कातडी. ती इतकी पांढरी का, हे पुढे उलगडतं. लढाईत मरणाच्या दारात असताना त्यानं एरीस या युद्धदेवाला हाक मारली आणि जिवाच्या बदल्यात चाकरी कबूल केली. एरीसनं त्याला एका गावावर सोडलं. तिथल्या देवळात बेभान होऊन त्यानं जी माणसं मारली, त्यांत त्याची बायको लायसँड्रा आणि मुलगी कॅलिओपी होत्या. त्या दोघींची राख शापानं त्याच्या अंगाला चिकटली. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी येणाऱ्या आम्हा भावंडांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमची राख दुपारपर्यंत घामानं पुसली जायची. त्याची जात नव्हती.

मग २००८ मध्ये हातात मावणाऱ्या पीएसपीवर ‘चेन्स ऑफ ऑलिंपस’ आला. तीही पूर्वकथाच, रेडी ॲट डॉन या दुसऱ्या स्टुडिओनं केलेली. मी ती भाईंदरहून उत्तनला येणाऱ्या बसमध्ये, मिठागरं खिडकीतून मागे पडत असताना खेळले. शेवटाकडे क्रेटॉसला पुण्यवंतांच्या लोकात आपली मुलगी भेटते. तिच्याजवळ राहायचं तर शस्त्रं आणि शक्ती टाकावी लागते, तो टाकतो. मग कळतं की हा पर्सेफनीचा डाव आहे, तो तिथेच थांबला तर जग कोसळेल आणि मुलगीही राहणार नाही. पोर त्याला बिलगते. तिला दूर ढकलायला खेळणाऱ्यानं बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. ज्या बटणानं तोवर राक्षस फाडले, तेच बटण. माझा अंगठा थांबला आणि स्टॉप आला तरी मी बसून राहिले. कॅलिओपीचा मृत्यू मी पहिल्या गेममध्ये पाहिलेला होता. त्याचं ओझं मला त्या दिवशी बसमध्ये कळलं. पूर्वकथेनं करायचं काम ते हेच.

असेन्शन आला तेव्हा उपवासकाळ चालू होता. त्याच आठवड्यात रोममध्ये पोप फ्रान्सिस निवडले गेले, त्यामुळे तारीख पक्की लक्षात आहे. आम्ही तो खेळलो पावसाळ्यात. त्याची सुरुवात ही या मालिकेतली सगळ्यांत भव्य सुरुवात आहे, हे मी आजही भांडून सांगेन. एगिऑन नावाचा शंभर हातांचा राक्षस. त्यानं झ्यूसला दिलेली शपथ मोडली म्हणून तीन फ्युरींनी, म्हणजे सूडाच्या तीन देवींनी, त्याला दगड करून त्याच्या देहाचाच तुरुंग बनवला. हेसिऑडच्या जुन्या काव्यात हे शंभर हातांचे भाऊ टायटनांविरुद्ध झ्यूसच्या बाजूनं लढतात. गेमनं त्यांतल्या एकाला पुढे शपथ मोडायला लावलं आणि त्या एका बदलातून अख्खी दुनिया उभी केली. क्रेटॉस त्या तुरुंगात साखळदंडानं बांधलेला आहे. मेगेरा ही फ्युरी आपले किडे सोडून त्या दगडी हातांत जीव आणते, आणि ज्या जमिनीवर आपण उभे आहोत तीच मूठ आवळू लागते.

यानंतर मात्र गोष्ट आपलाच दोर गुंतवते. तुरुंग, मग काही आठवडे मागे, पुन्हा तुरुंग, पुन्हा मागे. डेल्फीला का चाललो, डेलॉसला काय शोधायचं, हे मला दादाला विचारावं लागे आणि दादाला मला. आठ जणांनी एकत्र खेळायचा ऑनलाइन भाग या मालिकेत पहिल्यांदा आला. कर्त्यांचं बरंच लक्ष तिकडे गेलं असावं असं माझं मत आहे, कारण एकट्यानं खेळायच्या कथेत माणसं फार थोडी आहेत आणि जी आहेत ती घाईनं येतात. आर्किमिडीजच्या परीक्षेत तर शत्रूंच्या लाटेमागून लाट, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जायचे ते नेमके तिसऱ्या लाटेला. पुढे स्टुडिओनं पॅच काढून तो भाग सोपा केला.

हे दोष वरवरचे. माझं खरं भांडण आत आहे. इ.स.पू. ४५८ मध्ये एस्किलसनं अथेन्समध्ये ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी सादर केली. त्यात ओरेस्टीस आईचा खून करतो आणि फ्युरी त्याच्या मागे लागतात, कारण रक्ताच्या नात्यातलं रक्त सांडलं की त्या जाग्या होतात. शेवटी खटला उभा राहतो, मतं समसमान पडतात आणि अथीनाच्या कौलानं तो सुटतो. आता असेन्शन पाहा. क्रेटॉसच्या हातून स्वतःची पोर मेली आहे. फ्युरी त्याला पकडतात ते एरीसची चाकरी सोडली म्हणून. बायकोपोरीच्या रक्ताचा हिशेब कुणीच मागत नाही. अख्ख्या देवलोकाला तुटलेला करार दिसतो, मेलेलं मूल दिसत नाही. भीष्माची प्रतिज्ञा अभंग राहिली आणि तिची किंमत अंबेनं मोजली, ते वाचताना येणारा संताप मला इथे येतो. इतका जबरदस्त विचार कर्त्यांच्या हाताशी होता. त्यांनी तो बोलून दाखवला नाही, त्यावर क्रेटॉसला एक प्रश्नही विचारू दिला नाही. उलट एका फ्युरीला अमानुषपणे तुडवल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीला त्यांनी बायकांची हेटाळणी करणारं नाव दिलं. ओरड झाल्यावर ते पॅच करून बदललं. बायकोपोरीच्या दुःखावर उभ्या असलेल्या कथेत ते नाव सुचावं, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. बाईला देवांच्या झगड्यात नुसतं मरायला न ठेवता कथा सांगता येते, हे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’त करून दाखवलं. सर्कशीत वाढलेली मुलगी दुर्गेचं त्रिशूळ घेऊन धाकट्या भावाला शोधायला निघते. तो गेम लहान आहे, शेवटही अर्ध्यावर तुटल्यासारखा आहे, पण भावासाठीची तिची तळमळ एकदाही सुटत नाही.

तरीही मी असेन्शनकडे परत जाते ते ऑर्कोससाठी. ग्रीक पुराणात तो खोटी शपथ घेणाऱ्याला शिक्षा करणारा. इथे तो एरीस आणि अलेक्टो या फ्युरीचा मुलगा. बापाला हवा होता तसा योद्धा झाला नाही म्हणून टाकून दिलेला आणि शपथा राखायला बसवलेला. तोच क्रेटॉसला सत्य सांगतो, मदत करतो. तिन्ही फ्युरी मेल्यावर कळतं की एरीसशी बांधलेली गाठ त्याच्यात अडकलेली आहे. तो जिवंत असेतो क्रेटॉस मोकळा नाही. आणि तो स्वतःच मरण मागतो. क्रेटॉस आधी नकार देतो. या मालिकेत क्रेटॉसनं मारायला नकार दिलेला मी तोवर जवळजवळ पाहिलाच नव्हता. अखेर तो वार करतो, गाठ सुटते, आणि त्यासरशी एरीसनं झाकून ठेवलेल्या आठवणी परत येतात. शपथेतून सुटण्याचं फळ म्हणजे आपण काय केलं ते आता रोज दिसत राहणं. हे कळल्यावर २००५च्या गेममधला कड्यावरून उडी घेणारा क्रेटॉस वेगळा दिसतो.

तो शेवट चालू असताना बाबा जाळ्यावरून उठून आत आले होते. त्यांनी विचारलं, “हा पोरगा काय चुकला?” दादा म्हणाला, “काही नाही बाबा, त्याला जन्मापासून हेच काम दिलंय. लोकांच्या शपथा सांभाळायच्या.” बाबा शेवटपर्यंत बसले. गेम कधी न बघणारा माणूस. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा ते बोटीवर तांडेल होते. परतले, पण उशिरा परतले. तेव्हापासून दर वर्षी ८ सप्टेंबरला ते अनवाणी वेलंकनी मातेच्या देवळात जातात. समुद्रात काय नवस बोलले, कुणासाठी बोलले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आईनं विचारलं नाही. दादा त्या दिवशी बोटीवर नव्हता, तापानं घरी होता, आणि त्याच्या जागी कोण गेलं होतं हे घरात कुणी बोलत नाही. त्या संध्याकाळपासून असेन्शनचे ८० गुण मला पुरेसे वाटत नाहीत, त्यातल्या सगळ्या चुका माहीत असूनही.

२०१८च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये क्रेटॉस उत्तरेकडच्या बर्फात राहतो, मुलाला शिकारीला नेतो. मनगटांवर पट्ट्या बांधलेल्या, त्यांखाली साखळदंडाचे डाग. पुढे मुलगा आजारी पडतो आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली, एरीसनं चाकरीत साखळ्यांनी हातांना जखडलेली जुनी पाती बापाला बाहेर काढावी लागतात. मुलाला मागचं काहीच माहीत नसतं. आपल्याला सगळं माहीत असतं. असेन्शन खेळलेल्याला तर त्या साखळ्या कोणाच्या नावानं बांधल्या गेल्या आणि त्या तोडायला कोण मेलं, तेही ठाऊक असतं. ऑर्कोसचा उल्लेख पुढच्या भागांत नसला, तरी त्या पट्ट्या बांधताना मला तो आठवतो.

दादाचा मुलगा आता नववीत आहे. तो बर्फातल्या क्रेटॉसपासून सुरू झाला, आणि मे महिन्यात त्यानं विचारलं, “आत्या, ग्रीक भाग कुठून खेळू?” त्याच्या मित्रांचं म्हणणं काळाच्या क्रमानं, म्हणजे असेन्शन आधी. फादर स्टीफन्सनी १६१६च्या ‘ख्रिस्तपुराणा’त हाच क्रम धरला: पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. नव्या श्रोत्यांना ते गरजेचं होतं, कारण त्यांना पुढे कोण येणार हेच माहीत नव्हतं. क्रेटॉसच्या बाबतीत मी त्याला उलट सांगितलं. आधी २००५चा, मग दुसरा, मग चेन्स, मग तिसरा, आणि सगळं उद्ध्वस्त झाल्यावर असेन्शन. राख अंगाला चिकटलेली पाहिल्याशिवाय ऑर्कोसनं परत दिलेली आठवण काय आहे ते कळणार नाही.

हे सगळे भाग दादाच्या प्लेस्टेशन ३ वरच चालतात. पहिले दोन ‘कलेक्शन’च्या डिस्कवर आहेत, पीएसपीवरचे ‘ओरिजिन्स कलेक्शन’वर. तिसऱ्या भागाला २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी नवं रूप मिळालं. असेन्शनच्या वाट्याला ते आलं नाही, तेव्हा हे यंत्र बंद पडलं की आमच्या घरातून तो गेम गेलाच. समुद्राच्या खाऱ्या हवेनं त्याच्या मागच्या पिना हिरव्या पडल्यात, पंखा आवाज करतो. दादानं तो उघडून साफ केला, पिना घासल्या आणि खिडकीजवळून हलवून मधल्या खोलीत लावला. पोरगा सध्या हायड्राशी लढतोय, आणि बापासारखाच डोलकाठी कशी मोडली ते बघायला मध्येच थांबतो.