अर्ध्यावर अडलेली प्रणाली

शिरूरास आमच्या संगणकावर उबंटू ही लिनक्स प्रणाली आहे. ज्येष्ठांत तिचे नवे भाग बसत असतां वीज गेली. नंतर पडदा काळाच राहिला. आंत आमचा कुलवृत्तांत! "आजोबा, सर्व पुसून नव्यानें बसवूं," दौंडाहून आलेला नातू म्हणाला. मला तें रुचेना. 1993 पासूनच्या डेबियन परंपरेंत प्रत्येक भाग आधीं उलगडतात, मग त्याची मांडणी करितात; कोण कोठें अडला याची नोंद 'डीपीकेजी' ठेवितें. नातवानें रिकव्हरी मोडमध्यें शिरून, डिस्क लेखनक्षम करून, 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा दिली. मागाहून 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. खंडित पारायण खुणेपासून पुढें चालावें, तसें काम चाललें. कुलवृत्तांत जागच्या जागीं होता. नातवाचा चहा मात्र निवाला.