ओहोटीपासून पेंग्विनपर्यंत

गिरगावातील ठाकूरद्वार नाक्यावरून पश्चिमेला निघाले की चर्नी रोड स्थानकाचा पूल ओलांडून दहा-बारा मिनिटांत चौपाटीच्या वाळूत उतरता येते. ही वाळू, तिच्यावर उभी असलेली मलबार टेकडी आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेतला पेंग्विन कक्ष ही तीन ठिकाणे एका सकाळीत पाहून होतात. क्रम मात्र हाच ठेवावा. पेंग्विन हा किनाऱ्यावर राहणारा पक्षी आहे. आधी किनारा पाहिलेला असेल, तर काचेमागचा पेंग्विन वेगळा दिसतो.

प्रस्तुत लेखकाचा जन्म ठाकूरद्वारच्या एका चाळीतला. चौपाटी त्याला भेळेची, विसर्जनाची आणि संध्याकाळच्या वाऱ्याची म्हणून ठाऊक होती. ओहोटीच्या वेळी खाली वाकून पाहायची जागा म्हणून ती त्याला पन्नाशी उलटल्यावर कळली. पौषातल्या एका रविवारी वाडीतल्या दहा-बारा जणांनी सागरी जीवांचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणीला मार्गदर्शक म्हणून सोबत घेतले. लेखकाची आई आणि आठ वर्षांची भाचीही त्यांत होत्या. त्या सकाळचा हा वृत्तांत आहे.

अशा सहलीचा दिवस सुट्टी पाहून ठरवण्याआधी तिथी पाहून ठरवावा लागतो. किनारपट्टीवर जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि तितक्याच वेळाने पुन्हा भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तासाचे हे गणित त्याचेच ढोबळ रूप आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खाली ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते आणि दोन्हींतला फरक कमी होतो. वाळू-खडकातले जीव पाहायचे तर उधाणाचे दिवस हवेत.

त्या रविवारी वद्य तृतीया होती, दुसऱ्या दिवशी संकष्टी. मार्गदर्शक मुलीने मोबाइलवर भरतीचे कोष्टक उघडले, तेवढ्यात लेखकाची आई म्हणाली, ‘‘तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे ओहोटी आठला.’’ कोष्टकात आठला काही मिनिटे कमी होती. मुलीने मोबाइल खिशात ठेवला. ‘‘आजी, आता वेळ तुम्हीच सांगा,’’ ती म्हणाली. आईचे माहेर रत्नागिरीकडचे. ठाकूरद्वारला येऊन तिला साठ वर्षे झाली, पण हा हिशेब तिच्या तोंडी आहे हे घरातही कोणाला माहीत नव्हते. इतकी वर्षे तो कोणी तिला विचारलाच नव्हता, याची लेखकाला अजून खंत आहे.

सात वाजता वाळूत उतरल्यावर आधी दिसतात त्या वाळूच्या बारीक गोळ्या. ओल्या वाळूत हरभऱ्याच्या डाळीएवढे लहान खेकडे बिळे करून राहतात. पाणी ओसरले की ते बाहेर येतात, वाळू तोंडाशी नेऊन तिच्यातले सूक्ष्म अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळाच्या तोंडापासून चहूकडे या गोळ्यांच्या रांगा पसरतात आणि सडा-रांगोळी झाल्यासारखी वाळू दिसते. पाऊल पडले की खेकडे आत. दोन-तीन मिनिटे न हलता उभे राहिले की पुन्हा बाहेर. भाचीला ती दोन मिनिटे फार मोठी वाटली, पण तिने ती काढली.

पुढे खडकांच्या कडेला शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे, दगडाला चिकटलेली कालवे आणि हात लावताच मिटणारी समुद्रफुले भेटतात. मुंबईच्या किनाऱ्यावर असे काही जिवंत आहे, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने 2017 पासून चौपाटी, हाजी अली, जुहू अशा ठिकाणी ओहोटीच्या फेऱ्या काढून या जीवांची नोंद ठेवायला सुरुवात केली. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी, 2020 साली, वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या 18 वसाहती काढून नेव्हीनगरच्या किनाऱ्यावर हलवाव्या लागल्या. प्रवाळ लक्षद्वीपला असते असे समजणाऱ्या गिरगावकराने ही बातमी त्या वेळी दोनदा वाचली होती.

गिरगावकरांना या पाण्यातला एक रहिवासी मात्र चांगलाच आठवतो, तो म्हणजे पाकट. 2013 च्या गणेशोत्सवात विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेक भाविकांना पाकटांनी दंश केला होता. पाकट उथळ पाण्यात तळाच्या वाळूत अंग पुरून पडून राहते. पाय पडला की शेपटीचा काटा उलटा मारते. पाय न उचलता घासत चालावे, म्हणजे ते आधीच दूर सरकते. मार्गदर्शकाने हे सर्वांना ओळीने चालून दाखवायला लावले. दर वर्षी पाण्यात पाट घेऊन उतरणाऱ्या वाडीतल्या तरुणांना ही एक गोष्ट कळली, तरी सकाळ कामी लागली असे लेखकाला वाटले.

लोकमान्यांचा पुतळा चौपाटीवर आहे. 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांच्यावर इथेच अंत्यसंस्कार झाले. तिथे नमस्कार करून मंडळी वर निघाली.

वर जाण्यासाठी सिरी रोडची चढण आहे. या बाजूला महापालिकेने बांधलेला उन्नत निसर्गमार्ग 30 मार्च 2025 रोजी, गुढीपाडव्याला, खुला झाला. 485 मीटर लांबीची ही लाकडी फळ्यांची वाट टेकडीच्या उतारावरच्या झाडांच्या शेंड्यांतून जाते. वेळ आधी ऑनलाइन ठरवून जावे लागते आणि एका वेळी मोजकेच लोक सोडतात. हे नियोजन लेखकाला मनापासून आवडले. गर्दी नसल्यामुळे तांबटाची ठोक ठोक ऐकू येते. राखी धनेशाची जोडी एका फांदीवरून दुसरीवर जाताना दिसली, तेव्हा सगळा गट आपोआप गप्प झाला. खाली चौपाटीचे सिग्नल आणि इथे धनेश, यांत अंतर काही शे मीटरचे. याच टेकडीच्या पोटातून सागरी किनारा मार्गाचे दोन किलोमीटरहून लांब जोडबोगदे प्रियदर्शिनी पार्ककडे जातात. वर पाखरांमध्ये उभे राहिल्यावर त्या बोगद्यांची चाहूलही लागत नाही.

मार्गावर काचेच्या तळाचा एक सज्जा आहे. तिथून बॅकबेचा सगळा कंस नजरेत येतो. खाली चौपाटी, डावीकडून वळत जाणारा मरीन ड्राइव्ह आणि टोकाला नरिमन पॉइंट. हे दृश्य सुंदर आहेच, पण मार्गदर्शकाने ते वाचायला शिकवले. आज जिथे रस्ता आणि आर्ट डेको इमारतींची रांग आहे तिथे पूर्वी पाणी होते. रेल्वेचे रूळ जवळजवळ समुद्राच्या काठाने जात. 1915 च्या डिसेंबरात समुद्राला मागे हटवून रस्ता बांधण्याचे काम चौपाटीच्या बाजूने सुरू झाले. इमारती प्रामुख्याने 1930 च्या आणि 1940 च्या दशकांतल्या. 2018 साली त्या, ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींसह, जागतिक वारसा यादीत गेल्या. खाली उरलेली चौपाटीची वाळू हा या उपसागराच्या मूळ काठाचा लहानसा अवशेष आहे. सकाळी जिथे खेकड्यांच्या गोळ्या पाहिल्या ती जागा वरून नखाएवढी दिसत होती.

टेकडीवरची बाकीची ठिकाणे मुंबईकरांना पाठ आहेत. फिरोजशहा मेहता उद्यान शहराला पाणी देणाऱ्या जलाशयाच्या माथ्यावर आहे आणि कमला नेहरू उद्यानात म्हातारीचा बूट. भाची बुटात चढून उतरली आणि साडेनवाच्या सुमारास टॅक्सी भायखळ्याकडे निघाल्या.

राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, 1862 साली लोकांसाठी खुली झाली. बुधवारी ती बंद असते. शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्या बेटाचे ‘एलिफंटा’ हे नाव याच हत्तीवरून पडले. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा उचलताना साखळदंड तुटून तो फुटला. तुकडे इथे आले आणि 1914 मध्ये ते जुळवण्यात आले. किनारा पाहायला निघालेल्याने या हत्तीपाशी पाच मिनिटे थांबावे.

पेंग्विन कक्षाकडे जाताना प्रत्येक मुलाच्या मनात बर्फ असतो. भाचीने रांगेतच विचारले, ‘‘मामा, आत बर्फ किती असेल?’’ आत बर्फ नाही. इथले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. त्यांचा देश म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेचा, पेरू आणि चिलीचा किनारा. तो किनारा कोरडे वाळवंट आहे आणि त्याला लागून वाहणारा सागरी प्रवाह थंड आहे. प्रवाहाला आणि पक्ष्यालाही अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे. किनाऱ्याला समांतर वाहणारे वारे वरचे पाणी दूर ढकलतात आणि त्याच्या जागी खोलातले गार, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर लहान मासे पोसतात आणि माशांवर पेंग्विन. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याजवळही याच रीतीने खालचे पाणी वर येते. आपल्या बाजारातल्या तारली-बांगड्याच्या मुबलकतेमागे हेच कारण आहे. हे ऐकल्यावर लेखकाच्या आईने काचेपलीकडच्या पक्ष्याकडे जरा अधिक ओळखीने पाहिले.

हा पक्षी सत्तर सेंटिमीटरच्या आतबाहेर उंच, चार ते पाच किलो वजनाचा. छातीवर काळा पट्टा, पोटावर विखुरलेले ठिपके. हे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. चोचीच्या बुडाशी गुलाबी, पिसे नसलेली कातडी दिसते. तिथून अंगातली उष्णता बाहेर पडते. वाळवंटाच्या उन्हात राहणाऱ्या पक्ष्याला ती सोय लागते. वर्षातून एकदा त्याची सगळी पिसे एकदम गळून नवी येतात. त्या दोन-तीन आठवड्यांत अंग जलरोधक नसते, म्हणून तो पाण्यात उतरत नाही आणि समुद्रावर असला तर उपाशी राहतो. कक्षात एक पक्षी असा विस्कटलेला, कोपऱ्यात उभा होता. लोक ‘आजारी दिसतोय’ म्हणत पुढे जात होते. मार्गदर्शकाने मुलांना तिथेच थांबवून हे सांगितले.

26 जुलै 2016 रोजी सोलच्या कोएक्स मत्स्यालयातून आठ पेंग्विन मुंबईत आले. त्यांतली एक मादी ऑक्टोबरमध्ये संसर्गाने दगावली. उरलेले सात मार्च 2017 पासून लोकांना दिसू लागले. 15 ऑगस्ट 2018 रोजी इथे पहिले पिल्लू जन्मले, ते आठवडाभरच जगले. 2021 पासून मात्र पिल्ले जगू लागली आणि आज इथले बहुतेक पेंग्विन मुंबईतच जन्मलेले आहेत. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने चाळीसेक दिवस ती उबवतात. हवा 16 ते 18 अंशांवर ठेवलेली असते, पाणी गाळून गार केले जाते. खाणे माशांचे. बांगडा-बोंबील ही नावे ऐकताच रांगेतल्या सगळ्या गिरगावकरांचे चेहरे खुलले.

पेंग्विन आणले तेव्हा त्यांना इथे आणावे का, यावर शहरात बराच वाद झाला. लेखकही तेव्हा विरोधकांत होता. शीतयंत्रावर जगणारा किनारा हा किनारा नव्हे, हे त्याचे मत आजही बदललेले नाही. पण पाण्याखालच्या काचेपाशी भाची उभी होती, तेव्हा जमिनीवर डुलत चालणारा तोच पक्षी पंखांनी पाणी कापत तिच्या नाकासमोरून गेला. हा पक्षी पाण्यात उडतो, हे वाक्य पुस्तकातून तिच्यापर्यंत असे पोचले नसते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि लेखकाला त्या दोन्ही बाळगाव्या लागतात.

मोकळ्या किनाऱ्यावरचे पेंग्विन पाहायचे तर दूर जावे लागते. केप टाउनजवळच्या बोल्डर्स किनाऱ्यावर 1980 च्या दशकात आफ्रिकन पेंग्विनांनी आपण होऊन वस्ती केली. डोंगरकड्यांवरून समुद्र पाहत तिथवर जाणारी अर्ध्या दिवसाची सहल प्रसिद्ध आहे. पण 2024 मध्ये ती जात अतिसंकटग्रस्त ठरली. हम्बोल्ट पेंग्विनचीही स्थिती सुरक्षित नाही. हे पक्षी समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरांत बिळे करत. एकोणिसाव्या शतकात खत म्हणून ते थर खणून जहाजांनी युरोपला नेले गेले आणि घरट्यांची जागा संपली. शिवाय एल निनोच्या वर्षी थंड पाणी वर येत नाही, मासे दूर जातात आणि पिल्ले उपाशी मरतात. 1982-83 च्या एल निनोत पेरूतली त्यांची संख्या निम्म्याहून खाली गेली. एल निनोचा आपल्या पावसाशी असलेला संबंध शेतकऱ्याला चांगला माहीत आहे. पेरूच्या किनाऱ्यावर पेंग्विनचे पिल्लू उपाशी राहते, त्या वर्षी विदर्भ-मराठवाड्यातही आभाळाकडे पाहण्याची पाळी येऊ शकते.

सहल एक वाजता बागेच्या फाटकाशी संपली. मार्गदर्शक निघाली, मंडळी घरी गेली. भाची मात्र जेवण उरकताच आजीचा हात धरून पुन्हा चौपाटीवर न्यायला लागली. सव्वादोनला तिघे पुलावरून उतरले तेव्हा पाणी भरले होते आणि सकाळच्या गोळ्यांची रांगोळी जिथे होती तिथे गुडघाभर लाट येत होती. ‘‘खेकडे खाली आहेत ना?’’ भाचीने विचारले. ‘‘आहेत,’’ आजी म्हणाली. ‘‘रात्री साडेआठला वर येतील.’’