काटा बरोबर होता, मामा

ती. स्व. मामांस,
सा. न.

काल मामीचा फोन आला होता. मागच्या अंगणात माडाच्या रोपासाठी खड्डा घेतला, तर गड्याच्या कुदळीला तांब्याची तार लागली. "ही कसली गो?" मामी विचारत होती. मला आधी हसू आलं, मग बोलताच येईना.

आठवते ना ती दिवाळी? मी नववीत होते. बाकीची भावंडं किल्ला करत होती आणि तुम्ही माझ्या हातात पहार दिलीत. जांभ्यावर पहार बसली की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. 40 मीटर बँडसाठी उभा केलेला 10 मीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप, पाव तरंगलांबीचा, आणि त्याच्या पायथ्याशी चार दिशांना पुरलेल्या चार तारा. तुमचा हॅम रेडिओचा सेट लावलात, तर SWR मीटरचा काटा थेट 1:1 वर! मी नाचायलाच लागले. तुम्ही नुसतं "हं" केलंत आणि म्हणालात, "अजून बारा."

किती चिडले होते मी तुमच्यावर! सगळं बरोबर असताना खणायचं कशाला? आणि बाराही पुरून झाल्यावर काटा उलट सव्वावर गेला. मी रडायच्या बेतात. तेव्हा कुठे तुम्ही वहीचा कागद फाडलात. "अगो, या पाइपाचा स्वतःचा रेझिस्टन्स 36 ओहम. मीटरला दिसत होते 50, सेटला हवे तेवढेच. वरचे 14 कुणाचे? मातीचे! 100 वॉटमधले 28 आपण गांडुळांना शेकायला देत होतो. आता 40 झालेत. काटा बिघडला, पण 90 वॉट हवेत जातात."

ब्राउन, लुईस आणि एप्स्टाइन या तिघांनी 1937 साली 113 तारांपर्यंत मोजून पाहिलं होतं, हेही तेव्हाच सांगितलंत. आपण 16 वर थांबलो ते तांब्याचा भाव बघून. मामीला मात्र दुसरंच काहीतरी सांगितलं होतं, नाही का?

घराच्या अर्थिंगचा खड्डा वेगळा. कोळसा, मीठ, आणि मे महिन्यात रोज दोन बादल्या पाणी. त्या बादल्याही माझ्याच. तो खड्डा माणूस वाचवतो, तारा सिग्नल वाचवतात, एकाचं काम दुसऱ्यावर ढकलायचं नाही, असं म्हणायचात. आणि तरी दोघांना जाड पट्टीने एकमेकांशी बांधायला लावलंत. जवळ वीज पडली की दोन मातींमधला व्होल्टचा फरक सेटमधूनच वाट काढतो म्हणून. वळवाचे ढग दिसले की केबल काढायला अजूनही आधी धावते मी.

आता पुण्यात चौथ्या मजल्यावर माती कुठली? गॅलरीच्या कठड्यावर 2 मीटरचा अँटेना आहे: अर्ध्या मीटरची एक उभी काडी, खाली चार. खालच्या चार आडव्या ठेवल्या तर रेझिस्टन्स 50 ओहमपेक्षा बराच कमी, 45 अंशांत खाली वाकवल्या की 50 च्या जवळ. इथे जमिनीचं काम त्या चार काड्याच करतात. इथला 1:1 खरा आहे, मामा. तपासून पाहिलाय.

एकच राग आहे. शेवटच्या फोनवर मी विचारलं, तब्येत कशी आहे? "उत्तम. 73," असा हॅम मंडळींचा निरोप घेतलात आणि फोन ठेवलात. आवाज स्वच्छ होता, मी मानलं. काटा बरोबर दिसला म्हणून हुरळायचं नाही, हे शिकवणारे तुम्हीच ना? खोदून खोदून विचारायची सवय मला तुमच्याच अंगणात लागली. तुम्हालाच तेवढं विचारलं नाही. आणि तुम्हीही विचारू दिलं नाहीत.

मामीला सांगितलंय, तार तोडू नका. रोप हातभर बाजूला लावा.

73, मामा.

तुमची,
भाची